नववीतल्या मुलाच्या दप्तरात पुडी सापडली, आता शाळेने काय करायचं?

प्रश्न सिंहगड रस्त्याकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा आहे. मधल्या सुट्टीनंतर नववीतली तीन मुलं स्वच्छतागृहात व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढताना सापडली. दप्तरं तपासली तेव्हा एकाच्या कंपासपेटीत गांजासारखा चुरा असलेली छोटी पुडी निघाली. शाळा समितीचं म्हणणं असं की, पुडीवाल्या मुलाला दाखला देऊन टाकावा, बाकीच्या दोघांना लेखी समज द्यावी आणि विषय बाहेर जाऊ देऊ नये. पुडीवाल्या मुलाचे वडील रिक्षा चालवतात. उरलेल्या दोघांपैकी एकाचे वडील पालक-शिक्षक संघात आहेत. सोमवारी पालकांना बोलावलं आहे. बाई विचारतात, "मी काय भूमिका घेऊ?"

बाई, मी २२ वर्षं पुण्यातल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आहे. पेठांतल्या शंभर वर्षांच्या शाळा पाहिल्या, खराडी-वाघोलीकडच्या नव्या शाळाही पाहिल्या. आधी उत्तर सांगते, कारणं मागून देते. दाखला देऊ नका. तिघांपैकी कुणालाच नाही.

हे मी कायद्याच्या आधारावर म्हणत नाही. शिक्षण हक्क कायद्याने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, पण तुमची मुलं नववीतली आहेत आणि समितीतलं कुणीतरी नेमकं हेच बोट दाखवेल. मी म्हणते ते एका मुलामुळे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत जात होते तिथे दहावीतला एक मुलगा स्नेहसंमेलनाला दारू पिऊन आला. दुसऱ्याच आठवड्यात त्याला दाखला दिला आणि वडिलांना सांगितलं, बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा. मी त्या खोलीत होते. मला ते पटत नव्हतं, तरी मी गप्प बसले. त्यानंतर तो मुलगा दिवसभर मोकळा होता. आई-वडील दोघं कामावर, मोठा भाऊ चाकणला. पुढच्या पावसाळ्यात मंडईपाशी तो मला भेटला. तोंडाला वास येत होता. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मॅडम, शाळा होती तोवर निदान साडेपाचपर्यंत तरी पीत नव्हतो."

साडेपाच वाजेपर्यंत. शाळा त्याला दिवसाचे तेवढे तास देत होती, आणि आम्ही तेच काढून घेतले. पंधरा वर्षांच्या मुलावर दिवसातून सहा तास सात-आठ मोठ्या माणसांची नजर असते, अशी जागा शाळेखेरीज दुसरी नाही. दाखला दिला की ती नजर संपते, पुडी मात्र राहते. ती पुढच्या शाळेत जाते किंवा चौकात जाते. शिवाय तुमच्या शाळेतली उरलेली मुलं एक धडा शिकतात: काही झालं तरी मोठ्यांना कळू द्यायचं नाही. पुढच्या वेळी कुणाला स्वच्छतागृहात चक्कर आली तर मित्र तुम्हाला हाक मारणार नाहीत, दार लावून घेतील.

आता पुडीचं बघू, कारण ते आजच करायला हवं. ती तुमच्या टेबलाच्या खणात ठेवली असेल तर तिथे राहू देऊ नका. फेकून देऊ नका, संडासात ओतू नका. आत गांजा असेल तर तो बाळगणं हाच एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो कुणाच्याही खणात असो. दोन शिक्षकांसमोर पाकिटात घाला, पाकीट बंद करा, तारीख-वेळ आणि कुठे सापडली ते लिहून दोघांच्या सह्या घ्या. शाळेच्या वकिलांना फोन करा आणि पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यांशीच बोला. प्रत्येक ठाण्यात मुलांच्या प्रकरणांसाठी असा अधिकारी नेमलेला असतो. "पोलीस" म्हटलं की समितीचे चेहरे उतरतात, म्हणून एक गोष्ट त्यांना नीट समजावून सांगा. बाल न्याय कायद्याच्या नियमांनुसार मुलाच्या हातून घडलेला गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात मोठा माणूस सामील नसेल, तर एफआयआर नोंदवत नाहीत, ठाण्याच्या डायरीत नोंद करतात. मुलाचं नाव, फोटो, शाळेची ओळख छापायला त्याच कायद्याने मनाई आहे. मुलाला पोलिसांसमोर उभं करून धाक दाखवायला मी सांगत नाही. पुडी कायदेशीर वाटेने तुमच्या हातून जावी आणि ती आली कुठून याचा शोध मोठ्या माणसांपर्यंत पोचावा, एवढ्यासाठीच हे करायचं.

दप्तरं तपासली तेव्हा मुलं समोर होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसतील तर पुढच्या वेळी असू द्या. दोन मोठी माणसं, मूल समोर, दप्तर त्यालाच उघडायला सांगायचं. कपडे काढून झडती कधीच घ्यायची नाही. मुलींच्या बाबतीत शिक्षिकाच हव्यात.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते. ती तुमच्या प्रश्नात नाही, पण शिपाईमामा, स्वच्छतागृहाच्या मावशी आणि पीटीचे सर यांना ती माहीत असलीच पाहिजे. व्हेपऐवजी मुलं व्हाइटनर, थिनर किंवा पंक्चरचं सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगताना सापडली, तर आरडाओरडा करायचा नाही आणि पाठलाग करायचा नाही. हुंगलेल्या द्रव्यामुळे हृदय नाजूक झालेलं असतं. त्यात अचानक घाबरलं किंवा धावलं तर ठोके बिघडून मूल जागीच कोसळू शकतं, पहिल्यांदाच हुंगणारंसुद्धा. शांतपणे जवळ जायचं, रुमाल काढून घ्यायचा, उघड्या हवेत बसवायचं, कुणीतरी शेजारी राहायचं. एका शाळेत मी मावशींबरोबर याचा सराव केला होता. त्या म्हणाल्या, "म्हणजे लेकराला तापात बसवतो तसं बसवायचं." तसंच. दारू पिऊन गुंगीत असेल तर कुशीवर झोपवायचं, एकटं सोडायचं नाही, उलटी करवायची नाही, ताक-लिंबू पाजायचं नाही. हाकेला ओ देत नसेल तर थेट १०८. पालक येण्याची वाट बघायची नाही.

हुंगण्याकडे आपण फार दुर्लक्ष करतो. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात हुंगायची द्रव्यं हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे: १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८. आपल्याकडे मात्र सभा होते ती एमडीवर, म्हणजे मेफेड्रोनवर. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्याचा माग काढून हजारो कोटींचं मेफेड्रोन पकडलं, तेव्हापासून प्रत्येक पालकसभेत तोच एक प्रश्न येतो. काळजी रास्त आहे. पण सातवी-आठवीतल्या मुलाच्या हाताशी आधी काय येतं? घरातली तंबाखूची पुडी, काकांच्या लग्नातली बिअर, मित्राच्या भावाचं व्हेप, स्टेशनरीच्या दुकानातली बाटली.

आता तुमची तीन मुलं. सोमवारी पालकांच्या आधी मुलांशी बोला, तिघांशी वेगवेगळं. मुख्याध्यापकांच्या खोलीत नको. ग्रंथालयाचा कोपरा चालेल. ज्या शिक्षकांवर त्या मुलाचा जीव आहे ते सोबत असू द्या. "का केलंस?" हा प्रश्न टाळा. पंधरा वर्षांच्या मुलाकडे त्याचं उत्तर नसतं, तो खाली मान घालून लॅमिनेटचा निघालेला कोपरा नखाने सोलत बसतो. मी असं सुरू करते: "तुला शाळेतून काढायला मी बसलेले नाही. मला समजून घ्यायचंय. पहिल्यांदा कधी घेतलंस, कोण कोण होतं, आणि कसं वाटलं?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. "मस्त वाटलं" म्हणाला तर ते मित्रांबरोबरचं धाडस असू शकतं. "डोकं शांत झालं" म्हणाला तर मी खुर्ची पुढे ओढते.

किशोरवयीन मुलांसाठी क्राफ्ट नावाची सहा प्रश्नांची एक चाळणी जगभर वापरली जाते. मी ते प्रश्न आपल्या बोलीत विचारते. घेतलेल्या माणसाच्या गाडीवर मागे बसलास का, किंवा स्वतः घेऊन गाडी चालवलीस का? टेन्शन घालवायला किंवा चारचौघांत मिसळता यावं म्हणून घेतोस का? एकटा असताना घेतोस का? घेतल्यावर काय केलं ते आठवत नाही, असं झालंय का? घरच्यांनी किंवा मित्रांनी "कमी कर" म्हटलंय का? घेतल्यामुळे कधी अडचणीत आलास का? दोन किंवा अधिक वेळा "हो" आलं तर प्रकरण शाळेच्या हातातलं राहत नाही, तज्ज्ञांकडे पाठवायचं. माझ्या अनुभवात "एकटा असताना" याला आलेलं "हो" सगळ्यात जास्त बोलतं.

व्हेपबद्दल पालकांचा गैरसमज दूर करावा लागतो. "नुसती वाफ आहे, आंब्याचा वास येतो" असं मला एका आईने सांगितलं होतं. बहुतेक व्हेपमध्ये निकोटिन असतं, आणि ते घशाला न लागता झटपट भिनेल अशा रूपात असतं. म्हणून सिगारेटला ठसकणारं मूल व्हेप सहज ओढतं. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. म्हणजे कुणीतरी मोठ्या माणसाने ती बेकायदा विकल्याशिवाय ती तुमच्या स्वच्छतागृहात येत नाही. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस मूल चिडचिडं होतं, झोप उडते, वर्गात लक्ष लागत नाही. मग हळूहळू दोन-चार आठवड्यांत निवळतं. नेमक्या त्याच आठवड्यात चाचणी परीक्षा किंवा पालकांचा ओरडा ठेवू नका. वर्गशिक्षकांना एवढंच सांगा की पंधरा दिवस जरा सांभाळून घ्या. खरं कारण सगळ्या स्टाफरूमला कळायची गरज नाही.

पालकांची बैठक. तिन्ही घरांना एकत्र बसवू नका. एकत्र बसवलं की दहाव्या मिनिटाला "तुमच्या मुलाने आमच्या मुलाला बिघडवलं" सुरू होतं, आणि रिक्षावाल्या बापाचा आवाज त्या खोलीत सगळ्यात आधी बंद होतो. प्रत्येक घराला वेगळा अर्धा तास द्या. पहिलं वाक्य तयार ठेवा. माझं असं असतं: "तुमचा मुलगा शाळेतच राहणार आहे. त्याला यातून बाहेर काढायला तुमची मदत हवी आहे, म्हणून बोलावलं." हे वाक्य आधी आलं नाही तर पुढचं काहीही पालकांच्या कानात शिरत नाही. आई डोळे पुसत असते आणि तिच्या डोक्यात एकच शब्द फिरत असतो, दाखला.

वडिलांचा हात उठेल. माझ्यासमोर उठला आहे. हडपसरच्या बाजूच्या एका शाळेत एका वडिलांनी खुर्चीतून उठताउठताच पट्ट्याला हात घातला होता. मी मुलाच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिले. म्हटलं, "दादा, आधी पाणी घ्या." ग्लास हातात दिला आणि ते पिईपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग ते खाली बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझी तंबाखू हाच आणून देतो मॅडम, दुसरीपासून." खरी बैठक त्या वाक्यानंतर सुरू झाली. त्या दिवशी मुलाला आम्ही काहीच करायला सांगितलं नाही. वडिलांना एकच सांगितलं, आजपासून पुडी आणायला मुलाला पाठवायचं नाही. घरी गेल्यावर मारणार का, असं मी प्रत्येक वडिलांना समोरासमोर विचारते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला भेटते. हे दोन्ही कराच.

मेडिकलमधून लघवी तपासायची पट्टी आणू का, असं कुणीतरी विचारेलच. मी नको म्हणते. नेहमी गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश सोडल्यावरही काही आठवडे सापडू शकतो, म्हणजे प्रामाणिकपणे सोडलेला मुलगा खोटा ठरतो. व्हाइटनर त्या पट्टीवर येतच नाही. मेफेड्रोन साध्या पट्टीवर पुष्कळदा पकडलं जात नाही. घरात मात्र पहारेकरी आणि चोर असं नातं तयार होतं. तपासणी लागलीच तर ती डॉक्टरांनी सांगावी, मुलाला कळवून करावी.

कुणाकडे पाठवायचं? पुण्यात आपण त्या बाबतीत भाग्यवान आहोत. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण येरवड्याला आहे. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथे खर्चाचा बाऊ राहत नाही. फोनवर आधी विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६, आणि मुलावर घरात अत्याचार होत असेल तर १०९८. फक्त पालकांना "याला केंद्रात टाका" असं म्हणू नका. निवासी उपचाराची गरज शाळकरी मुलांत फार थोड्यांना असते. बाकीच्यांना आठवड्यातून एकदा भेटणारं, न रागावणारं एक माणूस आणि घरात थोडा बदल एवढ्याने खूप फरक पडतो. पुष्कळदा नशेच्या मागे दुसरंच काही निघतं: न ओळखलेला वाचनाचा दोष, आईवडिलांची भांडणं, नैराश्य, कुणीतरी केलेला लैंगिक अत्याचार. हे शेवटचं निघालं तर पोक्सोखाली, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे समितीची परवानगी विचारत बसायचं नाही.

समिती बहुधा एक व्याख्यान सुचवेल. सगळी शाळा मैदानात बसवून पोलीस अधिकारी किंवा व्यसनातून बाहेर आलेले गृहस्थ बोलावायचे, पडद्यावर सडलेल्या तोंडाचे फोटो. हेतू चांगला असतो, पण संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाच्या प्रतिबंधाच्या मानकांत अगदी स्पष्ट लिहिलं आहे की भीती दाखवणं, माजी व्यसनींची कहाणी ऐकवणं आणि नुसती माहिती देणं यांचा शाळेत उपयोग दिसत नाही, कधीकधी उलट परिणाम होतो. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस वर्गात जाऊन शिकवत, त्या डेअर कार्यक्रमाच्या तपासण्यांतही टिकाऊ फरक दिसला नाही. मी स्वतः पाहिलं आहे, मागच्या रांगेतला मुलगा कहाणीतला शेवट विसरतो आणि "दहा वर्षं घेतली, तरी आज ठणठणीत" एवढंच घरी नेतो. त्यापेक्षा वर्गशिक्षकांनी तीस-पस्तीस मुलांत "मित्राने पुढे केलं तर तोंड न पाडता नाही कसं म्हणायचं" याचा प्रत्यक्ष अभिनय करून घ्यावा. आठवड्याला एक तास, सलग सात-आठ आठवडे. मुलं स्वतःच वाक्यं शोधतात. एकाने शोधलेलं माझं आवडतं: "नको रे, उद्या सिलेक्शन आहे." कारण खोटं असलं तरी चालतं, फक्त ते पटकन आठवलं पाहिजे.

आणि विकणारा. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, अठरा वर्षांखालच्याला तर कुठेच विकता येत नाहीत. फाटकापासून ते अंतर मोजून रस्त्यावर पिवळी रेघ मारायची तरतूद तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांतच आहे. सोमवारी सकाळी पीटीच्या सरांना टेप घेऊन पाठवा. टपरी आत येत असेल तर शाळेच्या लेटरहेडवर पोलीस ठाण्याला आणि महापालिकेला पत्र द्या, पोच घ्या. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलाच्या हातून ते विकून घेणाऱ्याला कलम ७८ खाली तेवढीच शिक्षा आहे. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला अपघात झाला, दोन तरुण जीव गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि बारावीच्या निकालानंतरची पार्टी करून निघाला होता. जामिनासाठी त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, सगळा महाराष्ट्र त्या निबंधावर बोलला, आणि बोलायलाच हवं होतं. पण महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट असताना त्याच्यासमोर ग्लास कुणी ठेवला, हा प्रश्न शाळेने धरून ठेवायला हवा. त्या प्रकरणात मोठ्यांवर कलम ७७ लागलं. तुमच्या पुडीच्या मागेही असंच कुणीतरी मोठं आहे.

आता ज्याच्यावर दाखल्याची कुऱ्हाड आहे त्या मुलाकडे येते. ज्याच्या दप्तरात माल सापडतो तो पुष्कळदा विकत घेणारा नसतो, सांभाळणारा असतो. ज्याच्या घरी झडतीची भीती आहे तो स्वतःकडे ठेवत नाही, ज्याला गटात राहायचंय त्याच्याकडे देतो. व्हेपची किंमत बघा आणि त्या मुलाच्या घरची मिळकत बघा. मी तुमच्या मुलांना पाहिलेलं नाही, त्यामुळे असंच घडलं आहे असं म्हणत नाही. पण हे विचारल्याशिवाय तिघांना तीन वेगळ्या शिक्षा देणं अन्यायाचं होईल, आणि मुलांना तो लगेच कळतो. जबाबदारी तिघांना सारखी द्या. महिनाभर मधल्या सुट्टीत ठरलेल्या शिक्षकांपाशी हजेरी, आठवड्याला एकदा समुपदेशन, पालकांची पंधरा दिवसांनी भेट. सहली आणि खेळ बंद करू नका. संघातून काढलेल्या मुलाची संध्याकाळ रिकामी होते, आणि ती भरायला टपरीवरचे लोक तयारच असतात.

समितीत हे मांडताना तुम्ही एकट्या पडाल, ते मला दिसतं आहे. वर्गशिक्षकांना आधी बरोबर घ्या. "नाव खराब होईल" असं कुणी म्हणालं तर विचारा, दाखला दिल्यावर त्या मुलाचं काही बरंवाईट झालं तर पत्रकार कुठल्या शाळेचं नाव विचारतील? ठराव लिहिताना "व्यसनी" हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. "सापडले", "बोलणे झाले", "पुढील भेट अमुक तारखेला", एवढंच लिहा. तो कागद दहा वर्षं कपाटात राहतो.

आणि मंगळवारी तो मुलगा वर्गात परत येईल तेव्हा डबा कुणाबरोबर खातो, तेवढं बघायला कुणालातरी सांगून ठेवा. पहिल्या दिवशी एकटा बसला तर दुसऱ्या दिवशी तो त्याच दोघांकडे जातो, किंवा येतच नाही. त्याच्या बाकावर आधीच एखादा समजूतदार मुलगा बसवा, शक्यतो त्याच्याच गल्लीतला, सकाळी बरोबर चालत येईल असा.